पलीकडच्या काठावरचा माणूस

गल्लीत त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. सख्खे भाऊ, घराला घर लागून, आणि बोलणं बंद. कारण काय, तर थोरल्यांनी धाकट्यांच्या अंगणाकडे खिडकी काढली. एवढ्यावरून माणसं जन्माचं तोंड फिरवतात, आता बोला. माझं केस कापायचं दुकान समोरच. दोघंही माझ्याकडे यायचे, पण एक खुर्चीत दिसला की दुसरा दारातूनच परत फिरायचा.

गंमत म्हणजे, खाडीत मात्र दोघं रोज बरोबर. जाळं मोठं, एकट्याला ओढवत नाही. एक ओहोळाच्या या काठाला, दुसरा त्या काठाला. आवाज केला की मासे पळतात, म्हणून सगळं दोरीवर: एक हिसका म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. अबोला धरणाऱ्यांना याहून सोयीचा धंदा शोधून सापडला नसता.

या हिवाळ्यात थोरले गेले. मग एक दिवस धाकटे दुकानात आले, खुर्चीत न बसताच म्हणाले, "उद्या ओहोटीला याल? दुसरं टोक धरायला कुणी नाही. जमलं नाही तर जाळं कापून टाकतो आणि घरात बसतो."

त्यांच्या घरात दुसरं कुणीच नव्हतं. मला पाण्याची भीती वाटते, तरी नाही म्हणवेना. दुकान बंद केलं की मीही आरशाशीच बोलतो.

त्या दलदलीची धाकट्यांना खडान्‌खडा माहिती. "गवत आहे तिथेच पाय टाका. गुळगुळीत चकाकतंय तिथे अजिबात जाऊ नका. आणि तोंड बंद. जमेल?"

"मेल्यावर जमेल," मी म्हटलं आणि जीभ चावली. त्यांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन पलीकडच्या काठाला गेले.

ओढायला लागलो. त्यांचं सगळं लक्ष माझ्या पायांकडे, हा बाबा कुठे रुततोय म्हणून. त्या नादात स्वतःच चकाकत्या चिखलात गेले. आधी गुडघे, मग कंबर. दोरीला हिसक्यांवर हिसके यायला लागले. मला शिकवलेल्यात हे नव्हतंच. मला वाटलं, घबाड लागलं, आणि मी बावळटासारखा जोरात ओढत राहिलो.

तेवढ्यात हाक आली. "दादा! दादा, हात दे!"

मी तोंडातून निघेल ते म्हणालो, "आलो, आलो," आणि छातीभर पाण्यातून धडपडत पलीकडे गेलो. जाळ्याला पीळ घालून त्यांच्या काखेखालून घेतलं आणि जीव खाऊन ओढलं.

काठावर बसले, चिखलाने माखलेले. रडत होते, लपवतही नव्हते. "तो होता तेव्हा एकदाही हाक मारली नाही मी," ते म्हणाले. "रोज समोर उभा असायचा हो. हे एवढंच अंतर."

मी त्यांच्या काखेखालचं जाळं सोडवायला लागलो. शेवटी विचारलं, "मग जाळं कापायचं का?"

"नको. उद्याही या. पण गप्प राहू नका. काहीही बोला. कुणाला टक्कल पडलं, कुणाची सोयरीक मोडली, काहीही."

"अहो, मासे पळतील."

"पळू देत," ते म्हणाले. "इतकी वर्षं मासेच धरले."