स्टेपनीच्या जागी पंखा

सरिता दुकानात दुधाची पुढची बाटली कधी उचलत नाही. कोपरापर्यंत हात आत घालून मागची काढते, तारीख वाचते, आणि घरी आल्यावर वास घेते तो घेतेच. तारीख छापणाऱ्या माणसावर तिचा विश्वास नाही. डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधल्या त्या दुकानातली पोरं तिला चांगली ओळखतात. एकदा तिला येताना बघून त्यांनी कौतुकाने मागच्या बाटल्या पुढे आणून ठेवल्या, तर बाई जास्तच बिथरली. मागचं पुढे का आणलं म्हणे?

मूळची अकोल्याची, शिकली पुण्यात, रेवा पोटात असताना आयर्लंडात आली. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीची मोठी बाई. थोडक्यात, संशय घेण्याचाच पगार. एकदा तिने नळ्यांचा अख्खा लॉट अडवून धरला होता. साहेब वैतागले, सहकारी मागे हसले. शेवटी जोडाजवळ केसाएवढी चीर निघाली आणि सगळे गप्प झाले. त्या दिवशी सरिताच्या संशयाला बढती मिळाली, आणि रोज संध्याकाळी तो तिच्याबरोबर घरीही यायला लागला.

घरी नवरा मुकुल. सॉफ्टवेअरवाला, भाबडा, तोंडात एकच मंत्र: "होऊन जाईल गं." आणि लेक रेवा, तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते आयरिश हेल काढून इंग्रजीत.

सासू-सासरे उन्हाळ्याला येणार म्हणून सात जणांची गाडी घ्यायची ठरली, आणि मुकुलचा वनवास सुरू झाला. दर शनिवारी एक गाडी बघायची आणि सरिताने ती नापास करायची. एकीच्या सीटला अत्तराचा वास. काय झाकायचं होतं? एकीचे चारही टायर नवे. जुन्यांचं काय झालं? एकीचा मालक फार हसला. "एवढं हसायला काय झालं? गाडी विकतोय का पोरगी देतोय?"

शेवटी गाडी मिळाली ती देवदत्तची.

देवदत्त आणि योगिनी ड्रोहेडाचे. तो औषधांच्या कारखान्यात, ती तिथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. रेवाच्या जन्माच्या वेळी सरिताच्या आईचा व्हिसा अडकला, तेव्हा ही योगिनीच डिंकाचे लाडू घेऊन येऊन राहिली होती. बाळाला पहिलं तेल तिने लावलं, आणि रडणाऱ्या बाळंतिणीला दटावलंही तिनेच. जगात एक माणूस असा होता की ज्याच्या घरच्या दुधाचा वास सरिता घेत नसे. आता ती दोघं कायमची पुण्याला परत निघाली होती, म्हणून गाडी विकायची होती. सरिताने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. सगळं बोलणं मुकुलने केलं, चावी मुकुलने आणली.

गाडीला इज्जतही होती. इथल्या मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा ट्रेलर वर्षानुवर्षं हीच गाडी ओढत आली होती. तो मान आता मुकुलकडे आला.

रविवारी मुकुल गाडीची एक चक्कर मारून आला आणि तिची पूजा झाली. चार चाकांना हळदीकुंकू लागलं, लिंबं चिरडली, नारळ फुटला. सरिताचे वडील अकोल्याला स्टेपनीलाही कुंकू लावायचे; पाचव्याचं मन कशाला दुखवा? म्हणून तिने डिकी उघडली. तळाचा गालिचा उचलला. स्टेपनी नव्हती. या जातीच्या गाड्यांची स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते असं तिच्या वाचनात होतं. झालं, योगासनांची चटई अंथरून बाई गाडीखाली.

तिथेही चाक नव्हतं. चाकाच्या जागी एक चपटी काळी पेटी होती, तिला बारीक जाळी, दोन रबरी नळ्या पुढच्या दिशेने गेलेल्या, आणि एक पंखा. गाडी बंद होती, चावी सरिताच्या हातात होती, आणि पंखा शांतपणे फिरत होता.

"मुकुल, स्टेपनी कुठाय?"

"असेल ना."

"कुठे?"

"हल्ली देतच नाहीत गं. टायरमध्ये फेस मारायचा डबा देतात."

"डबा कुठाय?"

"असेल."

"आणि गाडीखाली पंखा कशाला?"

"तिला उकडत असेल," असं म्हणून मुकुल कचऱ्याचा डबा आत आणायला गेला. कचऱ्याची गाडी त्या दिवशी येतच नाही.

"मम, इट्स जस्ट अ फॅन," रेवा म्हणाली.

शेजारचा डोनल कुंपणावरून बघत होता. तो वाकला, पाहिलं, उठला. "शी'ज ग्रँड," म्हणाला. आता या देशात पाऊस ग्रँड, ताप ग्रँड, मोडलेला पायही ग्रँड. सरिताने आभार मानले आणि त्याचं मत बाद केलं.

मग तिने वाचून काढलं. ती पेटी म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा कूलर. जड ट्रेलर ओढताना ते तेल तापतं, फार तापलं की जळतं, आणि तेल जळलं की गिअरबॉक्सचं आयुष्य संपत जातं. कारखान्यातून आलेल्या गाडीला ती पेटी तिथे नसते. म्हणजे कोणीतरी मुद्दाम बसवली. का? ज्याला ताप नाही तो कपाळावर पट्टी कशाला ठेवेल? आणि देवदत्तने हे सांगितलं का नाही? तो तर येता शनिवार सोडून पुढच्या शनिवारी विमानात बसणार. त्याच्या आत सोक्षमोक्ष लावायचा, नाहीतर ते जन्मभर मनाला खात राहणार.

फोन उचलून योगिनीला विचारायचं, एवढं साधं काम. पण संशयी माणसाची रीत उलटी असते. ज्याच्यावर संशय, त्याला सोडून तो सगळ्या गावाला विचारतो. सरिताने फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला: "एका मैत्रिणीच्या गाडीत स्टेपनीच्या जागी हे निघालं. कुणाला माहिती आहे का?"

एका मैत्रिणीच्या! फोटोत चाकाला ताजं कुंकू होतं, आणि ट्रेलर जोडायच्या हुकाला पथकाचा भगवा गोंडा लोंबत होता. आयर्लंडात असे गोंडे असून असून किती असणार?

पथकाचा म्होरक्या संकेत, त्याचं उत्तर पहिलं. "ही देवादादाची गाडी ना?"

मग ट्रलीहून मेधा. तिला मंडळातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची आवड. "गणपतीत आमच्याकडे येताना तापली होती बरं का. चढावर लाल दिवा लागला. ढोल रस्त्यावर उतरवून ठेवले होते. मी तेव्हाच म्हटलं होतं."

कोणीतरी लिहिलं, "जाता जाता गळ्यात मारली वाटतं." त्यावर तिघांनी नुसतेच हात जोडले.

सकाळी गिअरबॉक्स तापला होता. दुपारी तो बदललेला निघाला. संध्याकाळपर्यंत इंजिनही भंगारातलं ठरलं, आणि जेवणं होईपर्यंत देवदत्त देश सोडून पळून चालला होता. योगिनीने सगळं वाचलं होतं. निळ्या खुणा दिसत होत्या. ती एक अक्षर बोलली नाही. सरिताने त्याचाही अर्थ लावला: खोटं असतं तर भांडली नसती का?

बुधवारी संकेतचा फोन आला. "वहिनी, रविवारच्या निरोप समारंभाला ढोल न्यायला भाड्याची व्हॅन सांगितलीय. त्या गाडीला आता ट्रेलर कोण जोडणार?"

"अरे, मी तसं कुठे म्हटलं?"

"तुम्ही विचारलंत ना, वहिनी. तुम्ही विचारलंत म्हणजे झालंच की."

हे मात्र तिला लागलं. तिला उत्तर हवं होतं. लोकांनी परस्पर निकाल देऊन टाकला होता, आणि खाली सही तिची होती. तशीच उठली आणि ड्रोहेडाला निघाली. वाटभर एक डोळा रस्त्यावर, एक लाल दिव्यावर. दिवा लागला नाही. बिघडलेला असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

योगिनीने दार उघडलं, "ये" म्हणाली. घरभर खोकी बांधून पडलेली. एरवी सरिता सरळ प्रेसमधून आपला मग काढून घ्यायची. इथल्या मराठी बायका कपाटाला आता प्रेसच म्हणतात. आज योगिनीने बांधलेलं खोकं सोडून पाहुण्यांचे कप काढले. बशीत बिस्किटं गोल मांडली. योगिनीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तापला होता," देवदत्त स्वतःहूनच म्हणाला. "एकदाच. ढोल, ताशे, ध्वज, आणि वर मेधाने मागवलेलं तांदळाचं पोतं. त्या पोत्याचं ग्रुपवर काही आलं नाही, बघ. दिवा लागला तसा थांबलो, टो करून आणली, तेल बदललं. पुढे पुन्हा तापायला नको म्हणून कूलर बसवला. पुढे जागा नव्हती, स्टेपनीची जागा मोकळी हवेशीर. गाडी बंद केली तरी तेल निवेपर्यंत पंखा चालतो. स्टेपनी डिकीत पट्ट्याने बांधून ठेवायचो."

"डिकीत नाहीये."

"नसायला काय झालं? मुकुलच्या हाताने बांधून घेतली. पंख्याचंही सगळं समजावलं त्याला."

सरिताने हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं.

"मी म्हटलं, सरिताला मी स्वतः सांगतो, ती विचारणारच," देवदत्त म्हणाला. "तर तो म्हणाला, नको दादा, तिला मी बघतो."

योगिनी खिडकीबाहेर बघत होती. "आज सकाळी पुण्याहून जाऊबाईंचा फोन. 'गाडीचं काय प्रकरण झालं म्हणे?' आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली. मला विचारायचंस, सरे. ते जाऊ दे, स्वतःच्या नवऱ्याला तरी विचारायचंस. तू अख्ख्या आयर्लंडला विचारलंस."

सरिताने चावी उचलली आणि उठली. चहा तसाच राहिला.

घरी आल्यावर तिने मुकुलला नुसतं शेडकडे बोट दाखवलं. गणपतीच्या मखरामागे, जुन्या स्लीपिंग बॅगेत स्टेपनी निवांत झोपली होती.

"इतक्या गाड्या नापास केल्यास," मुकुल पुटपुटला. "पंख्याचं कळलं असतं तर हीही केली असतीस."

"केली असती."

"बघ! मग मी काय करायचं?"

"आणि चार दिवस ग्रुपवर दादाची अब्रू जात होती तेव्हा?"

"मला वाटलं... होऊन जाईल."

सरिताने स्टेपनी बॅगेतून बाहेर ओढली. या माणसाला खोटं बोलता येत नाही, असं तिने लग्नाच्या वर्षीच ठरवून त्याला पास केलं होतं, आणि पुन्हा म्हणून तपासलं नव्हतं. क्वालिटीच्या बाईने! कचऱ्याचा डबा डोळ्यांसमोरून गेला तरी तिची नजर बाहेरच्या चोरावर.

आता ग्रुपवर माफी लिहायची, एवढंच उरलं होतं. तिने लिहायला घेतलं आणि पुसलं. लोक काय म्हणणार? देवदत्तने लिहायला लावलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर सरिताही हेच म्हणाली असती. संशय कसा चालतो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? शब्दांनी तो मरत नाही.

तिने संकेतला फोन लावला. "व्हॅन रद्द कर. ट्रेलर मी ओढणार."

"मुकुलदादा ओढणार?"

"मी म्हटलं ना, मी!"

रविवारी ड्रोहेडाच्या एका शाळेच्या हॉलबाहेर अख्खं मंडळ उभं होतं. ढोलांनी भरलेला ट्रेलर घेऊन गाडी फाटकातून आत शिरली तेव्हा बडबड थांबली. स्टिअरिंगवर कोण, तर सरिता! जी बाई विमानातसुद्धा एअर होस्टेसला 'पायलट कुठे शिकला' विचारेल, ती. ट्रेलर मागे घेताना तिची फजिती झाली. डावीकडे फिरवला की तो उजवीकडे जाई. दहा पुरुष दहा दिशांना हात करत होते, मेधा अकरावी. कसाबसा लागला.

"म्हणजे गाडी ठीक आहे, वहिनी?" संकेतने सगळ्यांसाठी विचारलं.

"चढावर घेऊन गेले, थांबवली, पुन्हा चढवली, मग इथे आणली. नसती ठीक तर मी आणली असती?" सरिताने चावी वर धरली. "संशय मी सगळ्यांसमोर घेतला, म्हणून हेही सगळ्यांसमोर. दादांनी पंखा, स्टेपनी, सगळं सांगून गाडी दिली होती. लपवालपवी झाली ती माझ्या घरात. आमच्याकडे एक खोटारडा माणूस निघाला. तो गाडीबरोबर आलेला नाही, आधीपासूनचा आहे."

हशा उसळला. मुकुल सगळ्यात मोठ्या ढोलामागे बसून दोरी आवळत होता. ती दोरी मुळीच सैल नव्हती. "आणि मेधाताई, तांदूळ कसे निघाले?" देवदत्तने विचारलं, तशी मेधाला आत वाढायची घाई आठवली.

फक्त योगिनी हसली नाही. ढोल वाजले, भाषणं झाली, पंगत उठली, तरी ती सरिताजवळ आली नाही. सरिता ट्रेलरचा हुक सोडवायला एकटीच बाहेर गेली. वाकलेली असताना मागे पावलं वाजली.

"लगेच माफ करणार नाहीये मी," योगिनी म्हणाली.

"नको करू."

"जाऊबाईंना तू स्वतः फोन करायचास. उद्याच. मी ऐकत उभी राहणार."

"करते."

योगिनीने गाडीच्या दाराला हात लावून बघितला, जणू कोणाचा ताप बघावा तसा. "शनिवारी विमानतळासाठी टॅक्सी सांगितली होती. नको म्हणून कळवते त्याला. तूच ये. आणि जरा लवकर ये, बाई. बॅगांची वजनं मी तीनदा केलीत, पण तुझा विश्वास बसणार आहे थोडाच!"