गाडीच लई वाजती

नांदेड ते लातूर या सगळ्या टापूत आवाजाचा जन्मजात वैरी असा एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही लातूरचे, ते नांदेडचे, आणि दोघांची सासुरवाडी वाटेवर चाकूरला. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालवे मोजलेला हा उंच, चष्मेवाला, मितभाषी गृहस्थ कुणाच्या घरी गेला की आधी पाणी मागत नाही, आधी कान टवकारतो. पंखा कुरकुरतोय का, फ्रिज घरघरतोय का, नळ ठिबकतोय का, याचा पंचनामा उरकल्याशिवाय त्यांचं बूड खुर्चीला टेकत नाही. आमच्या भिंतीवरचं घड्याळ त्यांनी एका भेटीत उतरवून सरळ कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलं, 'खामखा टिकटिक करून राहिलंय' एवढंच म्हणाले आणि निवांत चहा प्यायले. ते जाईपर्यंत किती वाजले हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. जयंतीच्या मिरवणुकीला ते दरवर्षी हौसेनं जातात, पण तिथंही हा माणूस नाचणाऱ्यांत नसतो. तो डीजेच्या ट्रकला चिकटून चालत असतो. मागच्या खेपेला पोरं बेभान नाचत असताना साडू ट्रकवर चढले, खिशातला पेचकस काढला आणि डाव्या बाजूच्या खोक्याचा एक ढिला स्क्रू पिळून खाली उतरले. डीजेवाला जयभीम करायचंही विसरून त्यांच्याकडे बघत राहिला. आवाज मोठा असला तर त्यांची तक्रार नसते, आवाजात खडखड नको.

अशा माणसाच्या घरात शांतता नांदत असेल असं कुणालाही वाटेल. पण नांदेडच्या त्यांच्या घरात म्हातारी आई आहे, तिची दिवसभर चालणारी टीव्हीवरची भांडणं आहेत, दोन भावांचे संसार आहेत आणि पायात पाय येतील इतकी लेकरं आहेत. त्या घरात नवराबायकोनं दोन शब्द एकमेकांशी बोलायचे तर तिसरा माणूस उत्तर देतो. म्हणून या जोडप्यानं फार पूर्वीच एक तोडगा काढला होता. सासूबाईंना मुलगा नाही, दोन मुलीच, आणि सासरे गेल्यापासून त्या चाकूरला एकट्या असतात. तेव्हा एक रविवार सोडून एक रविवार ही दोघं गाडीनं चाकूरला जायची आणि त्या जातायेताच्या वाटेवर आपला संसार करायची. हापिसात चार शब्दांत दिवस काढणारे साडू वाटेतलं लोहा गाव मागं पडलं की बोलायला लागायचे आणि अक्का, म्हणजे माझी मेहुणी, त्यांच्या वरताण. पोरीचं लग्न, घराचा वरचा मजला, दिरांशी झालेली कुरबुर, सगळं त्या गाडीत ठरलं, मोडलं आणि पुन्हा ठरलं.

मग अक्कांना कमी ऐकू यायला लागलं. एकदम नाही, हळूहळू. साडू गाडी चालवता चालवता काही विचारायचे आणि अक्का नुसतं 'हाव' म्हणायच्या. प्रश्न कोणताही असो, उत्तर हाव. अहमदपूरला चहा घ्यायचा का, तर हाव. चहा घ्यायचा की नाही, तरी हाव. आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. माझ्या बायकोनं एकदा धीर करून कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं, तर अक्का अशा उसळल्या की विचारू नका. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कानात मशीन दिसलं की उद्या पोरं मागच्या बाकावर बसून नुसती तोंडं हालवतील आणि माझी मजा बघतील, हा त्यांचा धसका. वर त्यांनी निकालच देऊन टाकला, "माझ्या कानाला काय धाड भरली न्हाई. ती गाडीच लई वाजती." आम्ही साडूंकडे बघितलं. साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "हाव. गाडीच वाजती." आता बायकोची री ओढणारे नवरे मी पुष्कळ पाहिले आहेत, मीही त्यातलाच, पण त्या एका वाक्यापायी आख्खी गाडी खोलणारा नवरा हा एकच.

पुढच्या रविवारी गाडीची चारही दारं आतून उघडी पडली. काळी, डांबरासारखी चिकट, वरून चांदीच्या कागदाची शीट मिळते. ती दाराच्या आतल्या पत्र्याला चिकटवली की पत्रा थरथरत नाही, असं शास्त्र त्यांनी मोबाइलवर रात्रंदिवस बघून पाठ केलं होतं. शीट गरम करायला पुतणीचा केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि दाबून बसवायला घरातलं लाटणं. त्या आठवड्यात त्यांच्या घरातल्या पोळ्यांना डांबराचा वास येत होता, हे मी स्वतः जेवून सांगतोय. काम झाल्यावर दारं अशी भारदस्त लागायला लागली की बंद करताना तिजोरी लावल्यासारखं वाटावं. फक्त मागच्या दोन काचा खाली येईनात. मी विचारलं तर म्हणाले, काच खाली घेतली की आवाज आत येतो, मग ती खाली घ्यायचीच कशाला? मग गालिच्याखाली शीट, छताला फोम, दारांना नवी रबरं, आवाज कमी करणारे टायर असा पसारा वाढत गेला. गाडीत स्टीलचा डबा न्यायला बंदी आली. पाण्याच्या बाटलीला टॉवेल, किल्ल्यांना मोजा. सासूबाईंनी एकदा कौतुकानं दोन्ही लेकींना पातेल्यांचे सेट दिले, तर या माणसानं एकेक पातेलं जुन्या लुगड्यात गुंडाळून, बाळंतिणीचं पोर ठेवावं तसं डिकीत ठेवलं.

टेपची कथा तर त्याहून न्यारी. गाडीला कंपनीकडून आलेल्या टेपवर त्यांचा सुरुवातीपासून दात होता. तो बदलायला ते मला घेऊन लातूरच्या एका दुकानात गेले. दुकानदार हौशी होता. त्यानं एक भलंमोठं खोकं दाखवलं, सुरू केलं, आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. मला वाटलं, झटका आला. साडूंनी शांतपणे ते बंद केलं. "मला ढोल नको," ते म्हणाले, "मला माणसाचा आवाज पाहिजे." मग त्यांनी एकेक स्पीकर लावून बघितला, पण गाण्यावर नाही, रेडिओवरच्या बातम्यांवर. बाजारभाव ऐकले, हवामान ऐकलं, सोयाबीनच्या किडीवरचं एक भाषण तर संपूर्ण ऐकलं. 'स' आणि 'श' वेगळा कळला पाहिजे, ही त्यांची अट. दुकानदारानं मला बाजूला घेऊन विचारलं की पाव्हण्यांची तब्येत बरी आहे ना. मी म्हणालो, तब्येत ठणठणीत आहे, स्वभावच असा आहे. शेवटी त्यांनी सगळ्यात महागडा, सगळ्यात कमी धडधडणारा सेट घेतला आणि लातूर ते चाकूर तो लावून आम्ही पाण्याच्या पातळीच्या बातम्या ऐकत गेलो. खरं सांगतो, इतक्या सुरेल बातम्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

एवढं करूनही मागून कुठून तरी बारीक टकटक येत होती आणि तिनं साडूंची झोप उडवली होती. टेप घेतला त्याच दिवशी चाकूरला सासूबाईंच्या पुतणीला बघायला पाहुणे येणार होते. बायका आदल्या दिवशीच पुढं गेल्या होत्या. गावाच्या अलीकडे साडूंनी गाडी थांबवली आणि अदबीनं म्हणाले, साडूभाऊ, जरा डिकीत बसता का, आवाज नेमका कुठून येतोय तेवढं बघा, पेट्रोल पंपापर्यंतच. मी बँकेत मॅनेजर आहे, पोट सुटलंय, अंगावर इस्तरीचा सदरा होता. पण त्या माणसाच्या तोंडावर असं काही असतं की नाही म्हणवत नाही. बसलो. आत अंधारात कान लावून पडलो. पंप आला आणि गेला, कारण साडू पुढं बसून ऐकण्यात गुंग होते. गाडी थांबली ती सासूबाईंच्या अंगणात. पाहुणे नुकतेच उतरलेले. धाकटे जावई कुठं, असं सासूबाईंनी विचारलं आणि साडूंनी डिकी उघडली. मुलाच्या वडिलांनी मला बाहेर येताना डोळे भरून पाहिलं. "आमचे धाकटे जावई," सासूबाई मेल्याहून मेल्यासारख्या होऊन म्हणाल्या, "बँकेत मॅनेजर हायत." साडूंना याचं काहीच नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की सापडला का, आणि मी जॅक ढिला असल्याचं सांगितल्यावर त्यांनी चारचौघांत मला मिठी मारली. लग्न जमलं, पण त्या घरात मला आजही डिकीतले पाव्हणे म्हणतात.

त्या संध्याकाळी मी चिडलो होतो. अंगणात आम्ही दोघंच होतो तेव्हा विचारलं, अहो, हा काय खुळेपणा लावलाय, अक्कांना धरून डॉक्टरकडे न्या की सरळ. साडूंनी गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "मला तिच्यापाशी एक गोष्ट बोलायचीय, साडूभाऊ. घरात बोलता येत न्हाई. गाडीत तिला ऐकू येत न्हाई. आणि वरडून सांगायची गोष्ट न्हाई ती." आणि डॉक्टरचं? तर म्हणाले, "ती म्हणती ना गाडी वाजती, मग आधी गाडी बघू. आपणच तिला खोटं पाडायचं का?" माझा राग कुठल्या कुठं गेला. त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा करणं सोडलं नाही, पण जरा हात राखून करायला लागलो.

गाडी पुरी झाल्यावर तिची पहिली लांबची फेरी आमच्याच वाट्याला आली. नांदेडला त्यांच्या घरी साखरपुडा होता, तो आटोपून आम्ही चौघं चाकूरला निघालो. पुढं ते दोघं, मागं मी आणि माझी बायको. काय सांगू तुम्हाला, गाडीत इतकी शांतता होती की बायकोनं पर्समधली बडीशेप चावली तर मला तिचे दाणे मोजता आले असते. बाजूनं उसाचे ट्रक जात होते ते नुसते दिसत होते. साडूंचा चेहरा आरशात दिसत होता. दहावी पास झालेल्या पोराच्या चेहऱ्यावर असतं तसलं काहीतरी त्यावर होतं. अहमदपूर मागं पडलं. त्यांनी टेप बंद केला, घसा साफ केला आणि रस्त्यावरची नजर न काढता, अगदी हळू, बोलले.

"मी काय म्हणतो, पुढल्या साली रिटायर झालो की आपण चाकूरलाच राहू. तुझ्या आईजवळ. लोकं घरजावई म्हणतील, म्हणू दे."

माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. आईची काळजी दोघी बहिणींना पोखरत होती, पण साडूंच्या म्हाताऱ्या आईला आणि भावांना सोडून या असं अक्का कोणत्या तोंडानं म्हणणार? त्यांनी ते कधीच तोंडावाटे काढलं नव्हतं, आणि आता न मागता मिळालं होतं. आम्ही दोघं अक्कांकडे बघत राहिलो. अक्का समोर रस्त्याकडे बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हाव."

साडूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. तो हाव त्यांनाही ओळखीचा होता. गाडीत चिटपाखराचा आवाज नव्हता आणि तरी अक्कांना ऐकू आलं नव्हतं. आता दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं, ना टायर, ना दार, ना जॅक. या माणसानं स्वतःच्या हातानं, लाटण्यानं दाबून दाबून, बायकोची एकुलती एक सबब मिटवून टाकली होती. मला त्यांची फार कीव आली. साडूंनी चष्मा वर सारला आणि मोठ्यानं म्हणाले, "अजून कुठंतरी वाजून राहिली गाडी. बघावं लागंल."

हे मात्र अक्कांना ऐकू गेलं. त्या वळून काहीतरी म्हणणार होत्या, तर त्यांना मागं आमचे चेहरे दिसले. बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. क्षणभर त्या आमच्याकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग फार सावकाश म्हणाल्या, "गाडी वाजत न्हाई. बाजूला घ्या. खाली उतरून तोंडासमोर सांगा, काय म्हणलात ते."

साडूंनी गाडी बाजूला घेतली. दोघं उतरले, दारं लागली. काचेतून आम्हाला दिसत होतं: साडू वाकून बोलत होते, अक्का त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. मग अक्कांनी पदर तोंडाला लावला, मग हसल्या, मग त्यांच्या दंडावर एक चापट मारली, आणि मग बराच वेळ त्याच बोलत राहिल्या. बाजूनं ट्रक जात होते, आणि आत आम्हाला कशाचंही एक अक्षर ऐकू आलं नाही. आमच्या साडूंनी काम असं चोख केलं होतं.

गाडीत परत आल्यावर अक्कांनी बहिणीला सांगितलं की सोमवारी रजा टाकते, त्या कानाच्या डॉक्टरकडं घेऊन चल. मग त्या सीटवर पाठ दाराला टेकवून, पूर्ण नवऱ्याकडे तोंड करून बसल्या. साडू रस्ता बघत बघत मान जरा अक्कांकडे वळवून बोलत होते आणि त्या एकेक शब्द त्यांच्या तोंडावरून वेचून घेत होत्या. चाकूर येईपर्यंत त्या महागड्या टेपला कुणी हात लावला नाही.