लांबून ओळखू येणारी गाडी

गाडीच्या रंगावरून आमच्या घरात वाद झालाच नाही, कारण मी तो होऊ दिला नाही. मिरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती. ऑफिसातले निम्मे लोक गाडीवाले झाले होते आणि मीही पाच वर्षांच्या कर्जावर आमच्या घराण्यातली पहिली गाडी घेत होतो. शोरूममधून आणलेला रंगांचा कागद मी वडिलांपुढे धरला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, पार नाकाशी धरला आणि म्हणाले, "लाल घे रे. लांबून ओळखू येते."

"बाबा, लाल गाडी विकायला काढली तर घेणार कोण? सिल्व्हरला रीसेल चांगली असते."

म्हणजे गाडी दारात यायच्या आधीच मी तिच्या गिऱ्हाइकाचा विचार करत होतो. शिवाय लाल गाडी पंधरा दिवसांनी येणार होती आणि सिल्व्हर दसऱ्याच्या दिवशी मिळत होती. मुहूर्त चुकवायचा नाही, असं एकदा कोणी म्हटलं की आमच्याकडे पुढे कोणी बोलत नाही. चाळीस वर्षं छापखान्यात काढलेले वडीलही बोलले नाहीत. दसऱ्याला बायकोने गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. बाबांनी नारळ वाढवला आणि मग बराच वेळ बॉनेटवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, कौतुक चाललंय.

संध्याकाळी मी फाटकातून हॉर्न द्यायचा आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्यांनी हात हलवायचा, हे न ठरवताच ठरून गेलं. एके दिवशी मी ऑफिसातून भांडून आलो होतो, हॉर्न द्यायचा राहिला. माझ्या पुढे शेजाऱ्यांची गाडी आत शिरली. तीही सिल्व्हर, त्या वर्षांत ज्याच्या त्याच्याकडे तीच. बाबा त्या गाडीकडे बघून हात हलवत होते. शेजारी उतरून जिन्यात गेले तरी हलवतच होते.

मी खालून ओरडलो, "बाबा, इकडे! लोकांच्या गाड्यांना काय टाटा करताय?"

आवारातले दोघे-तिघे हसले. मीही हसलो, ते मला अजून विसरता येत नाही. बाबांनी हात खाली घेतला आणि आत गेले.

त्या रात्री बायको म्हणाली, "त्यांना दिसत नाहीय. चहा कपाबाहेर ओततायत. तुमच्या लक्षात कसं येत नाही?"

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, औषधाने उरलेली काही काळ टिकेल. गाडीत बसल्यावर मी बाबांवरच चिडलो. आधी का नाही बोललात म्हणून.

"तेव्हा बोललो असतो तर तू गाडी घेतली असतीस काय?" ते म्हणाले.

नसती घेतली. त्यांना गाडी दारात बघायची होती, आणि बघता यावी म्हणून त्यांनी एवढंच मागितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी केबिन रोडजवळच्या एका गॅरेजात गेलो. म्हटलं, पूर्ण गाडी लाल करून द्या. पेंटरने आधी गाडीची कागदपत्रं मागितली.

"साहब, लोन चालू है ना? पहले बँक का कागज लाओ, आरसी बुक में रंग बदलवाओ. बाद में मैं हाथ लगाता हूँ."

बँकेत विचारलं तर म्हणाले, कर्ज फिटल्याशिवाय कागद मिळणार नाही. मग माझ्या डोक्यात एकच भूत शिरलं, कर्ज फेडायचं. बाबांची नजर जायच्या आत गाडी लाल करायची. रविवारी मी दुसऱ्या एका कंपनीचे हिशेब लिहायला जाऊ लागलो. सणाची सुट्टी नाही, गावी जाणं नाही. बाबा सकाळी विचारायचे, "आज पण चाललास?" मी चपला घालता घालता हो म्हणायचो. ते सगळं त्यांच्यासाठीच चाललंय, हे त्यांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. मला त्यांना चकित करायचं होतं. अडीच वर्षांत कर्ज फिटलं. लवकर फेडल्याचा दंडही भरला.

बँकेचा कागद घेऊन मी घरी आलो, तेव्हा बाबांना फक्त उजेड आणि काळोख कळत होता. तरी मी शेजारी बसून सगळं सांगितलं. आता लाल करूया, म्हटलं. त्यांनी माझा हात चाचपडत शोधला.

"आता रंग कशाला? तू हॉर्न देतोस ना, मला समजतं तू आलास. त्यापेक्षा रविवारचा घरी थांब."

थांबलो. त्यांना शेजारी बसवून सिल्व्हर पार्कपर्यंत चक्कर मारायचो, बाहेर काय दिसतंय ते सांगायचो. असे पाच रविवार मिळाले. सहाव्याच्या आधी ते गेले.

त्यानंतरही कित्येक महिने मी फाटकात हॉर्न देऊन वर बघत होतो. शेवटी बायको म्हणाली, विकून टाका. गाडी बघायला आलेल्या दलालाने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि खूश होऊन म्हणाला, "सिल्व्हर है, अच्छा दाम मिलेगा."

खरंच चांगली किंमत आली.