कोपरापर्यंत हात

नीलाला मी सगळं सांगत असे, म्हणजे तिला तसं वाटत असे. ही एक गोष्ट तेवढी तिला सांगितली नाही. आता ती नाही. मुलगी परदेशात असते, रविवारी फोन करते. बडोद्यात मांजलपूरच्या या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो आणि भिंतींना सांगून काय उपयोग — म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही ओळखीचे नाही, हेच बरं आहे.

सुरुवात दुधापासून करावी लागेल. रोज सकाळी आमच्याकडे दुधाच्या पिशव्या येत. त्यातली एक मी कामावर निघताना बॅगेत टाकायचो. नीला विचारायची, कशाला? मी म्हणायचो, गावात चहाला बरं दूध मिळत नाही. ती हसायची. खेड्यात दूध मिळत नाही, हे जगात फक्त माझ्याच बायकोला खरं वाटलं असेल. का वाटलं? मी सांगितलं म्हणून. माझ्या तोंडून निघालेलं लोकांना खरं वाटतं, हा माझा गुण. याच गुणावर मी आयुष्यभर पोट भरलं.

आमचं घराणं बडोद्याचं, पणजोबा राज्याच्या नोकरीत होते, वडील शाळामास्तर. मी मात्र कीटकनाशकं विकली. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता नाहीच. डभोईच्या बाजूची कपाशीची गावं माझ्याकडे होती. तिथे मला कुणी नावाने हाक मारली नाही. मराठी माणूस म्हणून सगळे ‘भाऊ’च म्हणत. भाऊ आले की ओटल्यावर खाट टाकली जायची, चहा यायचा, माणसं जमायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

लोकांना औषधाची भीती वाटत असे. वास उग्र, शेजारच्या गावात कुणाला चक्कर आलेली, कुणाचा बैल गेलेला. ही भीती घालवणं हे माझं काम होतं. बादलीत पाणी घ्यायचं, बाटलीतलं औषध ओतायचं. पाणी दुधासारखं पांढरं होतं. मग बाही वर सारून मी त्यात कोपरापर्यंत हात घालायचो आणि ढवळायचो. ढवळता ढवळता गप्पा मारायचो, कुणाची तरी थट्टा करायचो. शेवटी हात पुसून त्याच हाताने चहाची बशी उचलायची. बघणाऱ्यांचे चेहरे निवळायचे. कुणीतरी म्हणायचं, भाऊ स्वतः हात घालतात, मग आपल्याला काय होणार?

कळलं ना तुम्हाला? पाणी दुधासारखं नव्हतं. ते दूधच होतं. धुतलेल्या बाटलीत घरचं दूध, वास यावा म्हणून थोडं घासलेट. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. बरोबरीचे विक्रेते नुसती पत्रकं वाटायचे. ही माझी अक्कल होती, आणि तिचा मला अभिमान होता.

माल खूप खपला. सुरुवातीला लोक हंगामात दोन-तीनदा फवारायचे. औषधाने अळी मेली, तशी अळी खाणारे कोळी आणि ढालकिडेही मेले. मग पांढरी माशी वाढली. तिच्यासाठी माझ्याकडे दुसरं औषध होतंच. पुढे अळीही दाद देईना. मी म्हणायचो, मात्रा वाढवा. बी बदललं, नवं बियाणं आलं, काही वर्षं बरी गेली, पुन्हा बोंडात गुलाबी अळी आली आणि पुन्हा पंप पाठीवर चढले. कपाशीला भाव चांगला आला, तरी आलेला पैसा औषधाच्या दुकानात जायचा. तळ्याच्या काठावर मासे उलटे तरंगताना मी पाहिले आहेत. शेतात टिटव्या ओरडेनाशा झाल्या. हे मला दिसत होतं. आंधळा नव्हतो मी.

पण हे सगळं अजून आडवळणाने बोलणं झालं. मासे आणि टिटव्या यांच्याबद्दल कबुली देणं सोपं असतं, ते समोर येऊन बसत नाहीत. सविताबेन बसतात.

रमणभाई त्या गावातले मोठे खातेदार. सविताबेन त्यांच्या पत्नी, हसऱ्या, बोलक्या, घरात आणि शेतात त्यांचाच शब्द चालायचा. पंप पुरुष मारत, पण पाणी आणून औषध कालवायचं काम बायकांचं. याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी पुरुषांपुढे हात बुडवत होतो आणि दारात उभ्या राहून बघत होत्या बायका. आधी सविताबेन काठीने ढवळायच्या. मला पाहिल्यावर त्यांनी काठी टाकून दिली.

एका भाद्रपदात रमणभाईंचा फोन आला. सविताबेनला उलट्या होताहेत, पोटात कळा येताहेत, बडोद्याला आणतो आहे, कुठे न्यायचं? गावच्या माणसाचं शहरात आपलं म्हणावं असं एक दार असतं, त्यांचं ते मी. मी धावत इस्पितळात गेलो. त्या घामाने निथळत होत्या. तोंडातून लाळ गळत होती, ती त्या पदराने टिपत होत्या आणि मला त्रास दिला म्हणून ओशाळत होत्या.

डॉक्टर तरुण होता. आदल्या दिवशी काय खाल्लं, विचारलं. श्राद्धाचं जेवण झालं होतं. मग त्याने विचारलं, शेतात काही फवारलं का? सविताबेननी हो म्हणून मान हलवली. धाप लागली होती, तरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या,

“दवाथी तो न थाय, साहेब. आ भाऊ पोते अंदर हाथ नाखे छे.”

औषधाने तर होणारच नाही, हे भाऊ स्वतः त्यात हात घालतात. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच औषधाचा माणूस आहे, हे रमणभाईंनी त्याला आधीच सांगितलं होतं. त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. डब्यावरचा अतिविषारी म्हणून छापलेला लाल त्रिकोण मला पाठ होता. विष अंगात भिनलं की माणसाचं काय होतं, हे कंपनीने आम्हाला शिकवलं होतं, आणि ते सगळं समोरच्या खाटेवर दिसत होतं. मी काय म्हणालो?

“सौम्य औषध आहे.”

एवढंच. त्याने मान डोलावली आणि श्राद्धाच्या जेवणावर उपचार सुरू केले. मी दिवसभर बाकावर बसून होतो. रमणभाईंना चहा आणून दिला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. उठून आत जायचं आणि एक वाक्य बोलायचं — एवढंच करायचं होतं. ते मी केलं नाही. संध्याकाळी श्वास अडकायला लागला तेव्हा मोठे डॉक्टर आले. त्यांनी बॅटरीने डोळे बघितले आणि नर्सवर ओरडून विषावरचं इंजेक्शन मागवलं. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

सविताबेन जगल्या. हात मात्र गेल्यासारखेच. बोटांत जोर नाही, सारखी कापतात. आधी उपचार मिळाले असते तर वाचले असते का? मी कुणाला विचारलं नाही. उत्तर ऐकायची छाती नव्हती.

त्या दिवशी मी जागचा हललो नाही, याचा त्यांनी वेगळाच अर्थ लावला. तेव्हापासून दर भाऊबीजेला मला त्यांच्याकडून बोलावणं येतं. मला बहीण नाही. नीला होती तोवर आम्ही दोघं जायचो, आता मी एकटा जातो. वर्षातून एकदा कुणीतरी माझी वाट बघतं, मला आवडते म्हणून सुरती पापडीची भाजी करून ठेवतं. खरं सांगितलं तर हे घर जाईल. म्हणून सांगितलं नाही. दुसरं काही कारण नाही.

गेल्या भाऊबीजेला सांगायचं ठरवूनच गेलो होतो. अंगणात त्यांची सून हेतल पिंपात औषध कालवत होती. अळी काही दिवाळी पाळत नाही. बांगड्या वर सारल्या होत्या आणि हात कोपरापर्यंत आत. मी ओरडलोच. हात बाहेर काढ, आधी साबणाने धू, हातमोजे घातल्याशिवाय पुन्हा शिवू नकोस. ती चकित होऊन म्हणाली, मम्मी तर म्हणतात, तुम्ही स्वतः घालायचात.

वेळ आली होती. शब्द जिभेवर होते. सविताबेन आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या.

“हल्लीची औषधं जहाल झाली आहेत, बेटा,” मी गुजरातीत म्हणालो. “आमच्या वेळी तसं नव्हतं.”

हेतलने हात धुतले. सविताबेनना बरं वाटलं. आमच्या वेळची दवा चांगली होती, असं त्यांनी सुनेला समजावून सांगितलं. मग मला पाटावर बसवलं. बोट कपाळाशी नीट येईना, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने आपलं मनगट घट्ट धरलं आणि मला टिळा लावला. मी मान खाली केली आणि तो लावून घेतला.