फाइल आधीच आहे

भूत, करणी, नजर... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. त्यामुळे खाली कॉमेंटमध्ये "ताई, नारळ ओवाळून टाका" असले सल्ले कृपया देऊ नका. अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे मी. झालं ते सांगते, पटलं तर पटलं.

मी भिलाईची. रुआबांध्याला बाबा आणि मी राहतो. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झालेत. मी एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही कारखान्यांच्या क्रेनसाठी प्रोग्राम बनवतो. क्रेन ठरलेल्यापेक्षा जास्त वजन उचलायला गेली की प्रोग्राम तिला थांबवतो. ते ठरलेलं वजन एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. नव्या कॉम्प्युटरवर हे सगळं आपोआप चढवणारी बिल्ड स्क्रिप्ट मीच लिहिली आहे. तिचा नियम असा की वजनाची फाइल नसेल तरच नवी बनवायची आणि तिच्यात वीस टन लिहायचे. असेल तर हात लावायचा नाही. वाढलेल्या ताटावर पुन्हा वाढत नाहीत, तसंच. नाहीतर कारखान्याने स्वतः बदललेला आकडा आमच्या दर अपडेटला पुसला जाईल.

मागच्या हिवाळ्यात भिलाईजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात गेले होते. शुक्रवार, सकाळचे अकरा, लख्ख ऊन. नव्या कॉम्प्युटरचं सीलबंद खोकं मी स्वतः फोडलं, डिस्क फॉरमॅट केली, स्क्रिप्ट चालवली. स्क्रीनवर आलं — फाइल आधीच आहे, बनवली नाही.

कोऱ्या मशीनवर? उघडून बघितली तर आत चौदा टन. मी म्हटलं काहीतरी उरलं असेल. डिलीट केली, पुन्हा चालवली. पुन्हा तेच, चौदा. तिसऱ्यांदा मी क्रेन चालवणाऱ्या साहूदादांना शेजारी बसवलं, फोल्डर उघडून दाखवलं. रिकामं. दोघांनी बघितलं. मग एंटर दाबलं... फाइल आधीच आहे.

आता तुमच्यातले हुशार लोक सुरू होतील. बॅकअपमधून आली असेल — मशीनला नेटची वायरच जोडलेली नव्हती. स्क्रिप्टमध्ये चूक असेल — तीच स्क्रिप्ट इतर सगळ्या कारखान्यांत निमूट चालते आहे. आणि चूक झाली तरी वीस लिहील ना? चौदा हा आकडा माझ्या प्रोग्राममध्ये कुठेच नाही. शोधून झालंय, एकेक ओळ.

कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, हाताने वीस करा आणि मोकळ्या व्हा. त्यांचं नेहमीचं लोड सतरा टनांचं, चौदावर क्रेन उचलणारच नव्हती. मी नाही म्हटलं. मशीन ताब्यात देईपर्यंत आकडा बदलायचा पासवर्ड माझ्याकडेच असतो. दोन आकड्यांत शंका असेल तर कमी आकडा ठेवायचा, एवढं तर प्लांटवाल्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही कळतं. साहूदादा हळूच म्हणाले, "मॅडम, चौदा हे त चौदा रहन दव." म्हणजे राहू द्या चौदाच. सतराला हूक कसासाच वाटतो, हे त्यांनी इन्चार्जला दोनदा सांगितलं होतं म्हणे. तोंडी. तोंडी सांगितलेलं कोण ऐकतं?

क्रेन बंद राहिली आणि दुपारी आमच्या सरांनी मला ऑफिसात बोलावलं. सर नागपूरकडचे, एरवी फार गोड बोलतात.

"एक ओळ लिहून दे माधुरी, चुकून चौदा टाकले म्हणून. कोणी तुले फाशी देऊन नाही राहिलं."

"मी टाकलेच नाहीत, सर."

सही कर, नाहीतर सोमवारपासून येऊ नको, असं ते म्हणाले. मी कागद तसाच ठेवून निघून आले. रस्ताभर महिन्याच्या खर्चाचा हिशेब करत होते, खोटं कशाला सांगू. घर माझ्याच पगारावर चालतं, बाबांच्या औषधांसकट. बाबांना सगळं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "तू केलं नाही ना? मंग सही कावून करतं?"

इकडे मॅनेजरने आमच्याविरुद्ध पक्की तक्रार करायची म्हणून क्रेन तपासणारा माणूस बोलावला. क्रेन वीस टनांना फिट आहे असं त्याच्याकडून लिहून हवं होतं. त्याने हुकाच्या मानेला लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. पावडरीवर बोटभर लाल रेघ उमटली. हुकाला तडा होता, आतपर्यंत गेलेला. त्या सतरा टनांखालून दिवसभर माणसं ये-जा करत असतात.

सोमवारी सरांनीच फोन करून बोलावलं. टेबलावर दुसरा कागद तयार. आमच्या सॉफ्टवेअरने धोका आधीच ओळखला, डिझाइन करणारी मी, खाली सही. टीम लीडरची जागा रिकामी आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं. मी तो वाचला आणि परत दिला. चौदा मी लिहिले नव्हते... शुक्रवारीही नव्हते लिहिले आणि सोमवारीही नव्हते. सर म्हणाले, तू पागल आहेस काय? असेन. जागा दुसऱ्याला मिळाली. नोकरी राहिली, कारण आता मला काढलं तर काय झालं होतं ते सगळ्यांना सांगावं लागलं असतं.

दहा दिवसांनी नवा हूक बसला, तपासून झाला. मी तेच मशीन पुन्हा कोरं केलं आणि स्क्रिप्ट चालवली. फाइल नव्हती, नवी बनवली. वीस टन.

बरोबरच होतं ते. तरी मला वाईट वाटलं. ज्याच्यावर माझा विश्वास नाही, ते या वेळी तरी पुन्हा येईल म्हणून मी स्क्रीनकडे बघत बसले होते... साहूदादांनी विचारलं, कितने पे है? मी सांगितलं, वीस.

"तुमन लिखे हव?"

"हो. या वेळी मीच."

ते शिडी चढून वर गेले. सतरा टन जमिनीवरून सुटले, हळूहळू वर गेले, आणि मी तिथून हलले नाही. चौदा कुणी लिहिले ते मला आजही माहीत नाही. पण या विसाची जबाबदारी माझी होती, आणि उभ्या आयुष्यात मी एवढी कधीच घाबरले नव्हते.