त्या बाजूला जो असेल तो

“अहो, मिळाला का?” गाडीच्या पलीकडे पट्टा भिरकावला की ती असं विचारायची, आणि “मिळाला” ऐकू येईपर्यंत तिचा हात तसाच वर राहायचा.

मुलांनो, तुम्ही तिला पाहिलं आहे. इंग्लंडला, इथे मेडनहेडला आलात त्या सुट्टीत तुम्हीच तिचं नाव होडीआजी ठेवलंत. समोरच्या घरातली, बुटकी, कपाळाला टिकली आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. तिच्याकडे दोघांनी वल्हवायची पिवळी कयाक होती. दर रविवारी सकाळी ती कयाक गाडीच्या टपावरून नदीवर जायची.

कयाक बांधायची कशी, ते आधी नीट सांगते. टपावर दोन आडवे दांडे असतात, त्यांवर कयाक पालथी घालायची. अलीकडच्या माणसाने पट्टा कयाकवरून पलीकडे टाकायचा. पलीकडच्याने तो आपल्या बाजूच्या दांड्याखालून घेऊन परत अलीकडे फेकायचा. मग तो बकलात ओवून घट्ट ओढायचा. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यायला विसरायचं नाही. नाहीतर गाडीने वेग घेतला की सपाट पट्टा वाऱ्याने घुमायला लागतो, आणि तो आवाज माणूस कण्हत असल्यासारखा येतो. सगळं झालं की होडीआजी कयाकवर दोन थापा मारायची आणि म्हणायची, “बसली. आता हलत नाही.”

कयाक टपावर असली की अलीकडच्याला पलीकडचा माणूस दिसत नाही. फक्त त्याचा आवाज येतो.

तिच्या पलीकडे ‘हे’ असायचे. नवऱ्याचं नाव तिने आमच्यासमोरही कधी घेतलं नाही. ‘हे’ नाहीतर ‘अहो’. गाडी नेहमी तेच चालवायचे. ती डावीकडच्या सीटवर, मांडीवर पोह्यांचा डबा. त्यांचा मुलगा लहान होता तेव्हा मागे बसून दोघांची नक्कल करायचा, “अहो, मिळाला का? मिळाला गं बाई, मिळाला!”

एका हिवाळ्यात हे झोपेतच गेले. “घरात गेले, आपल्या अंथरुणात,” ती प्रत्येकाला सांगायची. नदीवर आळ येऊ नये म्हणून.

मुलगा ग्लासगोला डॉक्टर आहे. दिवसकार्य झालं आणि त्याने माझ्यासमोरच विषय काढला.

“आई, नदीवर क्लबचे लोक असतात, दॅट्स फाइन. पण बांधताना तू अलोन असणार. मोटरवेवर सुटली तर? कुणी हेल्पला नसेल तर कयाक विकायची आणि तू ग्लासगोला यायचं. प्रॉमिस कर.”

“एकटीने मी ती कधी बांधलीच नाहीये,” ती म्हणाली. “पुढेही बांधणार नाही.”

तो गेल्यावर मला म्हणाली, “अगं, मी ग्लासगोला गेले तर हे इथे एकटे राहतील.” हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

म्हणून मग पलीकडे मी उभी राहायला लागले, आणि गाडी ती स्वतः चालवायला लागली. पहिल्याच रविवारी पट्टा माझ्या डोक्यावर आला आणि मागोमाग हाक, “अहो, मिळाला का?”

“मिळाला. पण मी काही तुझी अहो नाही हं!”

“त्या बाजूला जो असेल तो अहो,” ती म्हणाली. “नीट ओढ. ह्यांच्यासारखी गप्पा मारत बसू नकोस.”

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी एकदा विचारलं, “मी नसले तर तू स्वतःच गाडीला वळसा घालून जाऊ शकतेस की. किती लांब आहे?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. “वळसा घालून गेलं म्हणजे एकटीने बांधणं झालं. मी शब्द दिलाय.”

पुढच्या थंडीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिना चढता येईना, म्हणून माझा पलंग खाली पुढच्या खोलीत आणला होता. तिथल्या खिडकीतून तिची गाडी आडवी दिसायची. मी तिला फोन करून सांगितलं, आता मी बरी होईपर्यंत कयाक बंद.

“तू गुडघा सांभाळ,” ती म्हणाली. “मी बघते.”

त्या रविवारी सगळीकडे गोठलेलं पांढरं दहिवर पडलं होतं. ती कयाक मागून ढकलत टपावर चढवताना दिसली. तेवढं तिला एकटीला जमायचं. मग तिने पट्टा पलीकडे टाकला. काच बंद होती, आवाज काही आला नाही, पण तिने मान वर करून हाक दिल्याचं कळलं आणि हात वर राहिला. मला वाईट वाटलं. किती वेळ उभी राहणार ही, असं मनात येतंय तोच पट्टा कयाकवरून परत आला. तिने तो बकलात ओवला, ओढला. दुसरा पट्टा टाकला. तोही परत आला. दोन थापा मारल्या आणि गाडी घेऊन ती निघून गेली.

मला हायसं वाटलं. कुणीतरी मदतीला मिळालं तर! कोण आहे ते पाहायला मी मान उंचावली. गाडी उभी होती तिथला चौकोन काळा, ओला. त्याच्या पलीकडे हिरवळीची पट्टी आणि मग कुंपण. अलीकडे तिच्या बुटांचे ठसेच ठसे. पलीकडच्या पट्टीवर दहिवर जसंच्या तसं, दुधावरच्या सायीसारखं.

संध्याकाळी मी तिला विचारलं, “आज पलीकडे कोण होतं गं?”

“होतं की,” ती म्हणाली. “नाहीतर पट्टा परत कसा येईल?”

मुलाचा फोन मला यायचाच. “मावशी, तुम्ही तर बेडमध्ये आहात. आईला हेल्प कोण करतं? नाहीतर मी येऊन तिला घेऊन जातो.”

मी म्हटलं, “पट्टा पलीकडून परत येतो. मी स्वतः पाहिलंय.”

“थँक गॉड,” तो म्हणाला.

मी पाहिलं तेवढंच सांगितलं. त्यामुळे ती आपल्या घरात राहिली आणि दर रविवारी नदीवर जात राहिली. मीही दर रविवारी खिडकीत बसायचे. खरं सांगते, पट्टा परत यायच्या वेळी मी डोळे मिटून घ्यायला लागले होते.

वसंतात डॅफोडिलची फुलं आली तेव्हा एका रविवारी ती परत आली नाही. गाडी नदीकाठच्या कार पार्कमध्ये सापडली. टपावर कयाक, पट्टे ताठ, प्रत्येकाला एक पीळ. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं, फार त्रास झाला नसावा. ती डावीकडच्या सीटवर होती, बेल्ट लावलेला, मांडीवर पोह्यांचा डबा. उजवीकडची सीट रिकामी.

गाडी थांबवून ती तिकडे जाऊन बसली असेल, उन्हात खावं म्हणून. मी मुलाला असंच सांगितलं. त्यालाही ते पटलं, किंवा त्याने पटवून घेतलं.

कयाक त्याने विकली नाही. ग्लासगोला न्यायची म्हणून त्याने ती आपल्या गाडीवर घेतली. मी काठी टेकत पीळ कसा द्यायचा ते दाखवायला त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. त्याने पट्टा पलीकडे भिरकावला, आणि लहानपणापासून ऐकलेले शब्द त्याच्या तोंडून आपसूक निघाले.

“अहो, मिळाला का?”

मग तो ओशाळून माझ्याकडे वळला. “मावशी, तुम्ही तर इकडे आहात.”

“हो रे,” मी म्हटलं.

गाडीला वळसा घालून जायला कितीसा वेळ लागतो? पण त्याचा हात वर तसाच राहिला होता, आणि आम्ही दोघंही जागचे हललो नाही.