लाइल काकाचा तिरका व्हॉल्व्ह

लाइल काकाबरोबर बिअरच्या पातेल्याला व्हॉल्व्ह बसवायचा म्हणजे डोक्याला ताप. पण अकरावीत मी शाळा सोडली तेव्हा सगळे उपदेश करायला आले, आणि हातात पान्हा दिला तो फक्त काकानं. त्यामुळं त्याला कोणी काही बोललं की माझं डोकं फिरतं.

चाळीस वर्षं तो इथं विस्कॉन्सिनमध्येच चीजच्या कारखान्यात पाइप जोडत होता. तिथं सगळ्या व्हॉल्व्हची हॅण्डलं एका रांगेत सरळ. वाफेत दिसलं नाही तरी कुठला उघडा, कुठला बंद, ते हाताला कळलं पाहिजे. रिटायर झाला, गॅरेजमध्ये बिअर करायला लागला, पण खोड गेली नाही.

घरातल्या प्रत्येक लग्नात बिअर त्याची. आता तर पोरीचंच लग्न, कोरिनचं, बरोबर पाच आठवड्यांवर. बिअरलाही तेवढेच लागतात. म्हणजे आज, शनिवारी, बर्नरवर चढली नाही, तर लग्नात दुकानातल्या बिअरचे डबे. जव भरडून तयार, पाणी तापत आलेलं, आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी थेंब. खाली बर्नरवर चर्र.

काल संध्याकाळी मी आणि काकानंच तो बसवलेला. पाणी भरून तासभर बघितलं, टिपूस नव्हतं. हॅण्डल जरा तिरकं राहिलं, एवढंच.

शेजारी काकाचा मेहुणा गॉर्डी सॉसेज भाजत होता. मी थेट त्याच्यावरच गेले.

"तू फिरवलास ना मागं?"

"मी? मी आत्ता आलोय!"

"खोटं बोलू नकोस. सरळ करायला गेलास. निमुळते आटे असतात ते. पुढं गेलं ते गेलं, केसभर मागं घेतलंस की गळणार. काका हजार वेळा सांगतो!"

"अगं बये, मला नळ उघडता येतो तेवढंच बास आहे."

काका मात्र खाली बसून थेंबाकडं बघत राहिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मार्लिस काकू म्हणाली, "पहाटे चपला घालून पान्हा घेऊन कोण गेलं होतं, ते विचार की त्याला."

मी वळले. "काका?"

"व्याही येणारेत आज, बिअर कशी करतो ते बघायला," तो म्हणाला. "तिरकं दिसत होतं."

"काका!!"

"एक अष्टमांश फेरा फक्त."

हसावं की पान्हा फेकावा कळेना. बर्नर बंद केला. कढत पाणी बादल्यांत काढलं. व्हॉल्व्ह सोडवला, गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळलेली जुनी टेप नखांनी ओरबाडली, बोटं भाजली. तीन वेढे टेप घातली तर घट्ट होईपर्यंत हॅण्डल खाली, आगीच्या तोंडात. पाच वेढ्यांना ते वर आलं, पण आटे नीट आत जाईनात. चार वेढे दिले. घट्ट झालं. कालच्यापेक्षा जास्तच तिरकं.

काकाचा हात परत पान्ह्याकडं.

"हात लावलास तर कोरिनला फोन करून डबे आणायला सांगेन," मी म्हटलं.

"थोडंसं पुढं तरी..."

"पुढं नाही, मागं नाही. आटे चिरतील."

तो हात मागं घेऊन खिशात घालून उभा राहिला. असा बघत होता, जणू भिंतीवर कोणी फोटो वाकडा लावलाय. पाणी परत भरलं, परत तापवलं. अर्धा तास आम्ही तिघंही त्या सांध्याखाली वाकून. कोरडं.

"जव टाक," काका म्हणाला.

मी टाकला. सगळ्या गॅरेजभर गोड वास सुटला.

"मला सॉरी कोण म्हणणार?" गॉर्डीनं चिमटा हलवत विचारलं.

मी काकाकडं बघितलं. काका माझ्याकडं.

"तिनं माझ्यासाठी भांडण केलं," काका म्हणाला. "सॉरी माझ्याकडून घे."

आणि खरंच, चाळीस वर्षं पाइप जोडलेला माणूस मेहुण्याला सॉरी म्हणाला. वर हेही म्हणाला, "पण तुझी सॉसेजं जळताहेत, ते मी केलेलं नाही."